आधी तार मोजा : एडनची केबल, कल्याणच्या डिश आणि ३५ पिकोसेकंद

हा भाग ऐकताना तुमच्यातले बरेच जण लोकलमध्ये असणार, म्हणून सुरुवात तिथूनच करतो. सकाळी नऊची वेळ, घाटकोपर स्टेशन. गाडी थांबली की डबे अर्ध्या मिनिटात रिकामे होतात. प्लॅटफॉर्मवर गर्दी एकदम शून्यावरून शंभरावर जाते. आता हीच माणसं जिना चढून, पुलावरून मेट्रोच्या गेटपाशी पोचतात तेव्हाचं चित्र बघा. आधी दोन-चार धावणारे, मग जरा जास्त, मग लोंढा, आणि सगळ्यात शेवटी पिशव्या सांभाळत येणारे काका-काकू. एका झटक्यात सुटलेली गर्दी गेटवर पोचते ती पसरून. पूल जेवढा लांब, तेवढा पसारा जास्त.

तारेत सोडलेल्या विजेच्या झटक्याचंही साधारण असंच होतं. इकडून कडक, काटकोनी पायरी सोडली की तिकडे पोचेपर्यंत तिचा कोपरा गोल होतो. व्होल्टेज १० टक्क्यांपासून ९० टक्क्यांपर्यंत चढायला जो वेळ लागतो त्याला राइज टाइम म्हणतात. आजचा सगळा भाग या एका आकड्यावर आहे. कारण एखादी गोष्ट मोजायची तर आपलं मशीन आणि ती गोष्ट यांच्यामध्ये तार असतेच. मग कोपरा जो गोल झाला तो त्या गोष्टीमुळे, की मधल्या तारेमुळे? प्रश्न पावणेदोनशे वर्षं जुना आहे, आणि त्याच्या इतिहासातले दोन मोठे थांबे आपल्या मुंबईत आणि सेंट्रल लाइनवर आहेत.

पहिला थांबा समुद्राखाली. १८५० च्या दशकात अटलांटिकच्या तळाशी टेलिग्राफची केबल टाकायचं घाटत होतं. विल्यम थॉमसन, म्हणजे पुढचे लॉर्ड केल्विन, यांनी १८५४-५५ मध्ये गणित मांडलं : लांब केबलमध्ये सिग्नल चढायला लागणारा वेळ लांबीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. केबल दुप्पट केली की वेळ चौपट, तिप्पट केली की नऊपट. केबल कंपनीचे इलेक्ट्रिशियन होते वाइल्डमन व्हाइटहाउस. पेशाने डॉक्टर. त्यांना हे पटलं नाही. १८५८ च्या ऑगस्टमध्ये केबल जोडली गेली आणि राणी व्हिक्टोरियाचा शंभराच्या आसपास शब्दांचा संदेश पलीकडे जायला सोळाएक तास लागले. सिग्नल येत नाही म्हटल्यावर व्हाइटहाउस यांनी सुमारे दोन हजार व्होल्टचा दाब दिला. काही आठवड्यांत केबल कायमची गप्प झाली. सर्व्हर उत्तर देत नाही म्हणून रिफ्रेश-रिफ्रेश करत बसणारे आपल्या सगळ्यांच्या ओळखीचे असतात. हे त्यांचे पूर्वज.

थॉमसन यांचा उपाय उलटा होता. दाब वाढवू नका, बघणारा डोळा तल्लख करा. त्यांच्या आरसा-गॅल्व्हानोमीटरमध्ये एक चिमुकला आरसा प्रकाशाचा ठिपका भिंतीवर हलवायचा. सिग्नल पूर्ण चढायची वाट न बघता तो हलायला लागला की ओळखायचं.

आता मुंबई. फेब्रुवारी १८७० मध्ये ग्रेट ईस्टर्न हे त्या काळातलं जगातलं सर्वात मोठं जहाज मुंबईहून एडनकडे निघालं, मागे केबल सोडत. मुंबई ते एडन म्हणजे तीन हजार किलोमीटरहून जास्त. त्याच वर्षी जूनमध्ये मुंबई ते लंडन समुद्रमार्गे तार सुरू झाली. जमिनीवरच्या तारेने कित्येक तास, कधी कधी दिवस घेणारा निरोप काही मिनिटांवर आला. कापसाच्या व्यापाऱ्यांचं जग त्याने बदललं, पण तो वेगळा भाग होईल. आपल्या कामाचं हे की थॉमसन यांचा वर्गाचा नियम या केबललाही चुकला नव्हता. वेगाने पाठवलेले झटके एकमेकांच्या अंगावर चढून खिचडी व्हायची. मग लोकांनी एक युक्ती वापरात आणली : प्रत्येक झटक्यामागून लगेच एक उलटा, छोटा झटका सोडायचा, म्हणजे आधीच्याची शेपटी कापली जाते. त्याला कर्ब सेंडिंग म्हणत. तार काय बिघडवणार हे आधीच माहीत असेल तर त्याच्या उलट करून ते निस्तरता येतं. ही कल्पना लक्षात ठेवा, पुढे ती शंभर वर्षांनी परत येणार आहे.

मध्ये ऑलिव्हर हेविसाइड येतात, टेलिग्राफची समीकरणं पूर्ण करतात, केबलमध्ये इंडक्टन्सही धरला पाहिजे हे दाखवतात. तो माणूस स्वतंत्र भागाचा धनी आहे, त्यामुळे इथे नुसता रामराम करून पुढे जाऊ.

१९६४. कॅलिफोर्नियात एचपी कंपनीचे संशोधनप्रमुख बर्नार्ड ऑलिव्हर कंपनीच्या नियतकालिकात फेब्रुवारीच्या अंकात एक लेख लिहितात : टाइम डोमेन रिफ्लेक्टोमेट्री. सगळे टीडीआर म्हणतात. नाव जड, कल्पना गावच्या विहिरीची. विहिरीत वाकून हाक मारायची आणि आवाज परत यायला किती वेळ लागला त्यावरून पाणी किती खोल ते ताडायचं. तारेत व्होल्टेजची एक पायरी सोडायची. जिथे तारेचा इम्पीडन्स बदलतो, म्हणजे तार दबली असेल, जोड सैल असेल, पाणी शिरलं असेल, तिथून त्या पायरीचा थोडा भाग परत येतो. टोक उघडं असेल तर सगळीच्या सगळी सुलटी परत येते, टोक शॉर्ट असेल तर उलटी. किती वेळाने परत आली त्यावरून जागा, किती उंच परत आली त्यावरून बिघाड केवढा. वेळेला दोनाने भागायचं, कारण प्रवास जाऊन-येऊन असतो.

केबलची तपासणी पल्सने करायची कल्पना रडारच्या काळापासून होती. १९६० च्या दशकात दोन गोष्टी जुळल्या. एक, टनेल डायोड. लिओ एसाकी यांनी १९५७ मध्ये शोधला, १९७३ मध्ये त्यासाठी नोबेल मिळालं. त्यातून भन्नाट वेगाने चढणारी पायरी काढता यायला लागली. दोन, सॅम्पलिंग ऑसिलोस्कोप. तो एका झटक्याचं पूर्ण चित्र काढतच नाही. तोच झटका हजारदा सोडतो, दर वेळी किंचित पुढचा एकच ठिपका टिपतो, आणि ठिपके जोडून चित्र दाखवतो. पळणाऱ्या गाडीत रोज एकाच खिडकीतून डोकावायचं, दुसऱ्या दिवशी पुढच्या खिडकीतून, असं करत पूर्ण डबा बघायचा, तसं. त्या पिढीच्या मशीनचा राइज टाइम शे-दीडशे पिकोसेकंद होता. एक पिकोसेकंद म्हणजे सेकंदाचा एक लाख कोटीवा भाग.

आकडा छोटा वाटतो, म्हणून अंतरात बदलू. साध्या कोॲक्स केबलमध्ये सिग्नल एका नॅनोसेकंदात २० सेंटिमीटर जातो, सर्किट बोर्डवर १५ च्या आसपास. जाऊन-येऊनचा हिशोब धरला तर दोन बिघाड वेगळे दिसायला त्यांच्यात निदान अर्ध्या राइज टाइमएवढं अंतर हवं. १५० पिकोसेकंदांच्या मशीनला केबलमध्ये दीड सेंटिमीटर. ३५ पिकोसेकंदांच्या मशीनला बोर्डवर अडीच मिलिमीटर. म्हणजे राइज टाइम हा टीडीआरच्या चष्म्याचा नंबर आहे.

वर्सोव्याच्या किनाऱ्याला जे समुद्री फायबर लागतात, ज्यातून कदाचित हा भाग तुमच्या फोनपर्यंत आला, तिथेही हीच तडजोड दुसऱ्या वेषात असते. फायबर तपासताना प्रकाशाचा पल्स सोडतात. पल्स लांब ठेवला तर तो दूरवर पोचतो, पण धुरकट दिसतं. एक मायक्रोसेकंदाचा पल्स म्हणजे साधारण १०० मीटरच्या आतलं काहीच वेगळं दिसणार नाही. छोटा ठेवला तर जवळचं स्वच्छ दिसतं, लांबचं दिसतच नाही.

आता हे सगळं प्रयोगशाळेतलं कवतिक नाही, यावर लोकांची बिलं अडकतात. अंधेरीत मी टेस्टिंगच्या स्क्रिप्ट लिहितो. मशीनला कमांड पाठवायच्या, आकडे उचलायचे, पास-फेल सांगायचं. एकदा एका छोट्या पीसीबीवाल्याची खेप अडकली. त्याच्या रिपोर्टमध्ये ५० ओहमची रेघ कशी गुळगुळीत. आमच्या रिपोर्टमध्ये त्याच बोर्डवर, त्याच जागी, खड्डा. तो म्हणाला, साहेब, तुमचं मशीन खोटं बोलतंय. आमच्याकडचे एक सीनियर म्हणाले, हा माणूस खराब बोर्ड गळ्यात मारतोय. त्याचे पैसे थांबले होते आणि त्याच्याकडे पगाराची तारीख जवळ आली होती. मीटिंगमध्ये आवाज चढले.

दोघंही खरं बोलत होते. त्याचं मशीन जुनं आणि मध्ये दोन मीटरची स्वस्त केबल. आमचं मशीन वेगवान आणि केबल वीतभर. खड्डा इतका आखूड होता की त्याच्याकडची गोल झालेली पायरी त्याच्यावरून अलगद निघून जायची. मोठ्या चाकाची बस छोट्या खड्ड्यावरून जाते तशी. आमच्या पायरीचं चाक छोटं, त्यामुळे ती आपटायची. आखूड बिघाडाच्या बाबतीत ढोबळ नियम असा की राइज टाइम दुप्पट झाला की दिसणारा खड्डा साधारण निम्मा होतो. म्हणजे मशीन जितकं मंद, बोर्ड तितका गुणी! आणि राइज टाइम न सांगता दिलेला टीडीआरचा आकडा म्हणजे एकक न सांगता दिलेलं वजन. पाच म्हणजे किलो की तोळे?

यावर पहिला सोपा उपाय लोक सुचवतात तो वजाबाकीचा. मशीन आणि केबलचा राइज टाइम माहीत आहे ना, मग तो वजा करा. पण राइज टाइम असे सरळ बेरीज-वजाबाकीने चालत नाहीत. विल्यम एल्मोर यांनी १९४८ मध्ये जे गणित मांडलं त्यातून नियम आला : वर्ग करा, बेरीज करा, वर्गमूळ काढा. शाळेतला पायथागोरस. मशीन ३५, केबल ५०, तर दोन्ही मिळून ८५ नाही, ६१.

ठीक. आता या ६१ च्या मशीनने एखादा कनेक्टर मोजला आणि ७० आले. उलटा पायथागोरस लावला की कनेक्टरचे स्वतःचे ३४ निघतात. बरं वाटतं. पण दुसरा कनेक्टर मोजला आणि ६२ आले तर? उत्तर ११. वाचताना एका पिकोसेकंदाची चूक झाली आणि ६३ वाचले तर उत्तर १६. ६१ वाचले तर शून्य! एका पिकोसेकंदाच्या थरथरीने उत्तर शून्य ते सोळा कुठेही जातं. धान्यासकट ट्रक तोलून, मग रिकामा ट्रक तोलून मुठभर जिऱ्याचं वजन काढायचा हा प्रकार आहे.

त्याहून मोठी गोची पुढे आहे, आणि मला वाटतं की बरेच इंजिनियर इथे फसतात, कारण कॉलेजात तो नियम सरसकट शिकवतात. एल्मोर यांचा हिशोब ॲम्प्लिफायरसारख्या, घंटेच्या आकाराच्या प्रतिसादाला बसतो. लांब केबलला बसत नाही. वेगाने बदलणारी वीज तांब्याच्या फक्त कातडीवरून वाहते, आत शिरत नाही. त्यामुळे फ्रीक्वेन्सी वाढेल तसा तोटा तिच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतो. याचा परिणाम असा की केबल दुप्पट केली तर तिचा राइज टाइम पायथागोरस सांगतो तसा १.४ पट होत नाही, चौपट होतो. ओळखीचं वाटतंय? हा थॉमसन यांचा १८५५ चा वर्गाचा नियम. समुद्रातल्या केबलमध्ये तोट्याचं कारण वेगळं होतं, तिथे तार म्हणजे हळूहळू भरणारं लांबलचक कपॅसिटर होतं. पण तोटा तिथेही फ्रीक्वेन्सीच्या वर्गमुळानेच वाढत होता, म्हणून नियम तोच. मुंबई-एडन केबल आणि अंधेरीतल्या टेबलावरची दोन मीटरची केबल एकाच समीकरणाची लेकरं. शिवाय अशा केबलची पायरी सुरुवातीला झटकन चढते आणि शेवटी रेंगाळते, लांब शेपटी सोडते. १० ते ९० टक्के असा एकच आकडा तिचं सगळं चरित्र सांगूच शकत नाही.

म्हणजे एका आकड्याची वजाबाकी पुरत नाही. मधली वाट पूर्ण मोजावी लागते आणि पूर्ण उलटवावी लागते. आणि इथे आपली गोष्ट सेंट्रल लाइन पकडते, फक्त व्हाया सिडनी आणि स्टॅनफर्ड.

गोविंद स्वरूप. जन्म १९२९, उत्तर प्रदेशातलं ठाकुरद्वारा. अलाहाबादला शिकले, दिल्लीच्या नॅशनल फिजिकल लॅबोरेटरीत काम केलं आणि १९५३ मध्ये सिडनीला गेले. तिथे पॉट्स हिलला सहा फुटी ३२ डिशची एक रांग होती, सूर्याचा रेडिओ अभ्यास करणारी. काही काळाने ती रांग मोडीत निघणार असं कळल्यावर स्वरूप यांनी त्या डिश भारताला द्या अशी गळ घातली. ऑस्ट्रेलियाने देऊ केल्या. मग जहाजाच्या भाड्याचे काहीशे पौंड कोणी द्यायचे यावरून गाडी बराच काळ अडली. ही गोष्ट ऐकून कोणाही भारतीयाला नवल वाटू नये. शेवटी डिश भारतात पोचल्या.

स्वरूप तोवर अमेरिकेत, स्टॅनफर्डला, रोनाल्ड ब्रेसवेल यांच्याकडे पीएचडी करायला गेले होते. हे नाव लक्षात ठेवा, परत येणार आहे. ब्रेसवेल तिथे सूर्याचे नकाशे काढायला दहा फुटी ३२ डिशचा एक क्रॉस उभा करत होते, ९.१ सेंटिमीटर तरंगलांबीवर चालणारा. अशा रचनेत सगळ्या डिशकडून येणारे सिग्नल मध्यावर एकाच तालात भेटले पाहिजेत. भजनात एक टाळ जरा मागे राहिला तर कळतंच ना, तसं. ९.१ सेंटिमीटरच्या लाटेसाठी एक मिलिमीटरचा फरक म्हणजे चार अंशांचा फरक. बत्तीस वाटा, प्रत्येक वाटेत जोड, वळणं. वाट मोजायची तर जुन्या पद्धतीत जोड उघडा, मोजा, परत जोडा. आणि जोडताना पुन्हा काहीतरी बदलणार.

स्वरूप आणि त्यांचे सहकारी के. एस. यांग यांनी काढलेली युक्ती १९६१ मध्ये छापली गेली. मध्यावरून सिग्नल पाठवायचा आणि डिशपाशी तो परतवायचा. विहिरीतली हाकच. पण वाटेतला प्रत्येक जोड स्वतःचा थोडा प्रतिध्वनी पाठवणार, त्यातून हवा तो ओळखायचा कसा? म्हणून डिशपाशी परावर्तन ठरावीक तालात चालू-बंद करायचं. त्या तालावर जो प्रतिध्वनी नाचतोय तो आपला, बाकीचे वाटेतले उपटसुंभ. त्याचा फेज मोजायचा, जाऊन-येऊन म्हणून दोनाने भागायचं. तारेला हात न लावता तार मोजली गेली. जाऊन-येऊन फेज मोजायची ही पद्धत पुढे जगभरच्या रेडिओ दुर्बिणींत वेगवेगळ्या रूपांत वापरली गेली.

सप्टेंबर १९६१ मध्ये परदेशातल्या चार भारतीय रेडिओ खगोलशास्त्रज्ञांनी, स्वरूप, टी. के. मेनन, मुकुल कुंडू आणि टी. कृष्णन यांनी, आम्हाला परत येऊन काम करायचंय असा प्रस्ताव भारतात पाठवला. जानेवारी १९६२ मध्ये होमी भाभांचं उत्तर आलं, तारेनेच : रेडिओ खगोलशास्त्राचा गट सुरू करायचं ठरलंय, पत्र मागाहून. फाइल नाही, समिती नाही. १९६३ मध्ये स्वरूप टीआयएफआरमध्ये रुजू झाले. सुरुवातीच्या तरुण मंडळींत विजय कपाही आणि जे. डी. इस्लूर होते.

आणि सिडनीच्या त्या ३२ डिश आल्या कल्याणला! मुलुंडहून कल्याण लोकल पकडली की कळवा-डोंबिवली करत आपण जिथे उतरतो ते कल्याण. १९६५ मध्ये तिथे २४ डिश पूर्व-पश्चिम ६३० मीटरवर आणि ८ डिश दक्षिण-उत्तर २५६ मीटरवर मांडून दुर्बीण सुरू झाली, ६१० मेगाहर्ट्झवर. तरंगलांबी ४९ सेंटिमीटर. म्हणजे वाटेतला एक सेंटिमीटर सात अंशांना भारी. आता आपल्याकडचं ऊन बघा. ३०० मीटर तांब्याची तार, सकाळ ते दुपार तापमान १५ अंशांनी वाढलं, तर नुसत्या प्रसरणाने तार साडेसात सेंटिमीटर लांबते. म्हणजे पंचावन्न अंशांहून जास्त फरक. सगळ्या तारा सारख्या लांबल्या तर निभावतं. एक उन्हात आणि एक सावलीत असली की ताल गेला. वाट एकदा मोजून भागत नाही, पुन्हा पुन्हा मोजावी लागते, हे अशा कामात अंगवळणी पडतं.

कल्याणच्या दुर्बिणीने शांत सूर्याच्या प्रभामंडळाचा अभ्यास केला. तिचं खरं मोल मात्र मला वेगळं वाटतं. तिथे हात बसलेल्या लोकांनी पुढे उटीला डोंगराच्या उतारावर ५३० मीटर लांबीची दुर्बीण उभारली, १९७० मध्ये, आणि त्यानंतर आपल्या जुन्नर तालुक्यात खोडदला जीएमआरटी, ४५ मीटरच्या तीस डिशची. जीएमआरटीत डिशपासून मध्यापर्यंत तांब्याऐवजी फायबर आहे. स्वरूप सप्टेंबर २०२० मध्ये पुण्यात गेले.

आता ब्रेसवेल. तालात मोजणाऱ्यांचे हे गुरू आयुष्यभर फूरिये गणितात रमलेले. सिग्नलचे फ्रीक्वेन्सीप्रमाणे तुकडे पाडायचं हे गणित, पण त्यात काल्पनिक संख्यांचं लटांबर असतं. राल्फ हार्टली यांनी १९४२ मध्ये एक पर्याय सुचवला होता, फक्त वास्तव संख्यांवर चालणारा. ब्रेसवेल यांनी १९८३-८४ मध्ये त्याची कॉम्प्युटरवर झपाट्याने चालणारी रीत तयार केली. स्टॅनफर्डने पेटंट घेतलं. आणि ते लायसन्सवर घेऊन वापरणाऱ्यांत होती एचपी, ऑलिव्हर यांची कंपनी, आपल्या टीडीआर मशीनमध्ये! ज्या माणसाच्या ३२ डिशच्या वाटा स्वरूप यांनी मोजल्या, त्याचं गणित टीडीआरची वाट निस्तरायला आलं. गंमत म्हणजे ब्रेसवेल आणि ऑलिव्हर दोघांनाही परग्रहवासीयांचा भारी नाद. ब्रेसवेल यांनी १९६० मध्ये त्यांची यानं आपल्याकडे येऊन थांबली असतील अशी कल्पना मांडली, तर ऑलिव्हर यांनी १९७१ मध्ये त्यांचे सिग्नल ऐकायला शेकडो डिशची सायक्लॉप्स योजना आखली.

एचपीने या कामाला नाव दिलं नॉर्मलायझेशन. रीत अशी. मशीन आधी चांगलं तापू द्यायचं. मोजायची वस्तू जिथे लागणार, केबलच्या त्याच टोकाला आधी शॉर्ट लावायचा. शॉर्टवरून पायरी पूर्ण, उलटी परत यायला हवी. प्रत्यक्षात येते ती गोल कोपऱ्याची, शेपटीवाली. हा झाला वाटेचा पूर्ण गुन्ह्यांचा कबुलीजबाब, नुसता एक आकडा नाही. मग तिथेच अचूक ५० ओहमचा लोड लावायचा. त्याच्यावरून काहीच परत यायला नको. तरी जे दिसतं ते वाटेतल्या जोडांचं, ते वजा करायचं. यानंतर केबल हलवायची नाही. मग गणित : वाट सिग्नलच्या प्रत्येक फ्रीक्वेन्सीला ठरावीक पटीने कमी करते, म्हणून तेवढ्याच पटीने भागायचं. तार काय बिघडवते ते मोजा आणि उलट करा. एडनच्या केबलवरचं कर्ब सेंडिंगच, फक्त आता पाठवणाऱ्याऐवजी वाचणारा करतोय.

मग राइज टाइम शून्यच का मागू नये? कारण फार वरच्या फ्रीक्वेन्सीला वाटेने जवळजवळ काहीच शिल्लक ठेवलेलं नसतं. शून्याच्या जवळच्या आकड्याने भागलं की सिग्नल नाही, नुसता गोंगाट मोठा होतो. हावरेपणा केला तर पडद्यावर लाटा उठतात आणि त्या बिघाडासारख्या दिसतात. म्हणून मशीन विचारतं, राइज टाइम किती ठेवू? तुम्ही आकडा द्यायचा, आणि ते सगळं चित्र त्या राइज टाइमची स्वच्छ पायरी सोडली असती तर दिसलं असतं तसं करून दाखवतं.

त्या पीसीबीवाल्याचं भांडण इथेच मिटलं. दोन्ही मापं एकाच राइज टाइमवर आणली तेव्हा दोन्ही रेघा एकमेकींवर बसल्या. मग खरा प्रश्न उरला तो हा की कोणत्या राइज टाइमवर बघायचं. उत्तर मशीनमध्ये नाही, बोर्डवरच्या चिपमध्ये आहे. ती चिप जेवढ्या वेगाने पायरी सोडते तेवढ्याच वेगाने बघा. त्या वेगाला खड्डा मर्यादेत होता. खेप सुटली, पैसे गेले. त्यानंतर आमच्या रिपोर्टमध्ये ओहमच्या शेजारी राइज टाइमचा रकाना आला. वेगवान चिपवाल्या पुढच्या बोर्डला तोच खड्डा नापास करेल, हेही त्याला सांगितलं गेलं.

घरी करून बघायचं असेल तर एवढं महागडं मशीन नको. कॉलेजच्या लॅबमधला १०० मेगाहर्ट्झचा स्कोप, लॅमिंग्टन रोडवर मिळणारी ७४एसी१४ ही साधी चिप, एक ७५ ओहमचा रेझिस्टर आणि टीव्हीची आरजी-६ केबल. चिपच्या पिनवरून रेझिस्टरमधून पायरी केबलमध्ये सोडा, स्कोप तिथेच लावा, दुसरं टोक मोकळं ठेवा. १० मीटरच्या केबलमध्ये साधारण ८० नॅनोसेकंदांनी दुसरी पायरी दिसेल. तिचा राइज टाइम मोजलात तर साडेतीन नॅनोसेकंदांच्या आसपास येईल, आणि तो केबलचा नाही, स्कोपचा आहे. ०.३५ ला १०० मेगाहर्ट्झने भागून बघा. आता सोसायटीच्या केबलवाल्याकडून १०० मीटरचं बंडल तासाभरासाठी मागून आणा, आणि न उलगडता तसंच जोडा. पायरी सुमारे ८०० नॅनोसेकंदांनी येईल, आणि या वेळी तिचा कोपरा बघा. आधी झटकन चढेल, मग वर पोचताना रेंगाळेल. ती शेपटी केबलची. बंडल परत करायच्या आधी दुसरं टोक एकदा शॉर्ट करून बघायला विसरू नका.